रोझलीनचं उत्तर

हेमू, ऐक ना, हातातलं ठेव खाली. आत्ता तासाभरापूर्वी झालंय हे.

"पण उत्तर कोण देणार?" फेर्नां आजोबांनी मला विचारलं.

तुला सांगितलेलं ना, इथं मॉरिशसला, पोर्ट लुईत मी ज्यांच्याकडे डफ शिकते ते? चागोस बेटांवरचे. ते विशीत असताना इंग्रजांनी अख्ख्या गावाला बोटीत भरून इथं आणून टाकलं, परत जाऊ दिलं नाही. त्यांच्या नाचात डफवाला गाऊन काहीतरी विचारतो आणि बाई नाचता नाचता उत्तर देते. अशी उत्तर देणारी एकच उरली होती. रोझलीनआजी, त्यांची बायको. मंगळवारी पुरलं तिला.

आणि शनिवारी आमचा कार्यक्रम.

"उत्तर नाही तर डफ नाही," आजोबा म्हणाले. "संपलं ते."

"संपलं कसं? मला सगळं पाठ आहे."

"पाठ..."

मग मी मोबाइल काढला. गेल्या वर्षी आजीकडून नुसती उत्तरं म्हणवून घेतलेली, ती होती त्यात. शहाणी ना मी. म्हटलं, "ही देईल उत्तर. तुम्ही फक्त वाजवा."

त्यांनी झावळ्या पेटवल्या, आपल्याकडे हलगी शेकतात तसा डफ शेकला, आणि सुरू केलं.

"रोझलीन, माशाला मीठ लावलंस का?"

मी बटण दाबलं.

"लावलं, तू आधी जाळं आण." आजीचा आवाज, बरोब्बर ठेक्यावर. काटा आला गं अंगावर.

"बघा," मी म्हटलं.

त्यांनी पुढचं विचारायला घेतलं. "रोझलीन..." आणि हात मधेच वर थांबवला.

हे ते नेहमी करायचे, तिची खोडी काढायला. तीही मग पाय तसाच धरून उभी राहायची, हसू दाबत, थाप पडेपर्यंत.

मोबाइल मात्र चालूच. यांचा प्रश्न व्हायच्या आत आजी उत्तर देऊन मोकळी. मग त्याच्या पुढचं. मग त्याच्याही पुढचं...

आजोबांचा हात वरच.

जाळ विझला. डफाचं कातडं ढिलं पडलं.

"परत लावू?" मी विचारलं.

त्यांनी डफ माझ्या मांडीवर ठेवला. मोबाइलकडे बघत म्हणाले, "लाव की. पण तिला सांग पोरी, जरा थांब म्हणावं."

हेमू, तू असतीस तर काय केलं असतंस?