पेंढ्याच्या झग्याची गाठ

एका राज्यात, उगवतीच्या समुद्रातल्या बेटावर, तोकिहारू नावाचा राजा होता. ऐन भातलावणीत तो पालखीतून निघाला आणि खाचरांत राबणारी माणसे त्याने पाहिली. अंगावर भाताच्या पेंढ्याचे झगे, डोक्यावर बांबूच्या टोप्या, पायांत पेंढ्याच्याच वहाणा. राजा म्हणाला, "वा, काय शोभा! सारे गोळा करा आणि महालात मांडा."

झाले! झगे गेले, वहाणा गेल्या, कुदळीसुद्धा गेल्या. माणसे पावसात उघडी पडली. शोभा म्हणे! दुसऱ्याच्या पाठीवरचे ओरबाडून आपल्या भिंतीला टांगायचे, याला आमच्या भाषेत लूट म्हणतात.

मग पाहुण्यांना हसवायला राजाने एक झगा चढवला, आणि तो निघेना. कात्र्या मोडल्या, राजमांत्रिकाचे मंत्र आटले. झगा दिवसरात्र ठिबकत राहिला. सिंहासनाखाली तळे साचले. दवंडी पिटली: जो झगा काढील त्याला अर्धे राज्य.

खाचरात ओताने नावाची मजूरबाई रोपे लावत होती. घरी तिची आई तापाने फणफणली होती, अंगावर घालायला काही नव्हते. शेजारी उभा असलेला बगळा म्हणाला, "ओताने, राजाने तुझ्या आईचा झगा घातला आहे. न राबता घातलेला झगा राबल्यावाचून सुटत नाही."

ओताने चिखलाच्या पायांनी दरबारात गेली. बगळा मागोमाग.

"महाराज, हा झगा मी वळला. माझ्या आईचा आहे. परत द्या."

"काढून दाखव."

"तो तुम्हीच काढायचा. तीन कामे करा. वहाणा वळा, त्या घालून बांधावरून चाला, एक खाचर लावा."

नाइलाजाने राजा बसला. पेंढा घेतला, पीळ दिला, वहाणा केल्या. तिसऱ्या पावलाला त्या तुटल्या आणि तळवे सोलून निघाले.

ओतानेचा संताप अनावर झाला. "पेंढा आधी भिजवून मोगरीने कुटतात, तेव्हा तो वळतो! आमच्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असते. आणि तुम्ही आमच्या वहाणा भिंतीवर लावून त्यांचे कौतुक करता?"

"राजाने कुटायचे?"

"नाही तर राजाने ठिबकायचे," बगळा म्हणाला.

राजाने दुपारपर्यंत पेंढा कुटला. हातांना फोड आले. वहाणा वाकड्या झाल्या, पण टिकल्या. त्या घालून तो बांधावरून चालला. मग खाचरात वाकला आणि लावू लागला. पहिल्या ओळीला कंबर धरली, तिसऱ्या ओळीला तो रडला. शेवटचे रोप रोवताना कपाळावरचा घाम झग्याच्या गाठीवर पडला आणि गाठ आपोआप सुटली. ठिबकणे थांबले.

"ओताने, अर्धे राज्य तुझे!"

"कुणाचे राज्य कुणाला देता, महाराज? माझी कुदळ कुठल्या भिंतीवर आहे ते सांगा."

राजाने सगळे भिंतींवरून उतरवायला सांगितले. दिवस मावळायच्या आत ज्याचे त्याला पोचले. महालाच्या भिंतीवर आता एकच वस्तू राहिली, राजाच्या वाकड्या वहाणा.

ओतानेने आईच्या अंगावर झगा घातला. म्हातारीने नाक मुरडले.

"पोरी, याला राजाचा वास येतो गं."

"घामाचा आहे, आई. पहिल्यांदाच गाळलाय त्याने."

गाठ सुटली, गोष्ट सरली. राबणाऱ्याचे राबणाऱ्यापाशी राहो.