पाठमोऱ्यांची ओळ

मोरवणे गावाच्या डोक्यावर सडा, म्हणजे डोंगरावरचं कातळाचं पठार आहे. गाडीरस्ता जिथे संपतो आणि सड्याची पायवाट सुरू होते, तिथे काळ्या दगडांची एक ओळ आडवी पडली आहे. दगड बसलेल्या बाईएवढे, वर निमुळते, खाली पसरट, आणि सगळ्यांची सपाट बाजू डोंगराकडे. कुठूनही पाहा, बायका डोंगराला पाठ करून बसल्या आहेत असंच वाटतं. गाव त्यांना पाठमोऱ्या म्हणतं. नवी सून आली की तिला आधी ग्रामदैवताला नेतात आणि मग इथे आणतात. मलाही आणलं. देवाच्या पायऱ्या चढून पाय भरून आले होते, त्यामुळे पहिल्या भेटीत मला एवढंच सुचलं, की या निदान बसल्या तरी आहेत.

मार्गशीर्षात इथे वासरांचं मंडळ भरतं. 'मोरवणे बाल पशुपालक मंडळ' हे त्याचं खरं नाव, पण ते फक्त फलकावर. गावातली पोरं वर्षभर एखादं वासरू, करडू, नाहीतर कोंबड्यांची जोडी स्वतः वाढवतात. चारा, पाणी, शेण, गोचिडी, सगळं त्यांनीच बघायचं. घरच्यांनी शिकवायचं, हात लावायचा नाही. मग त्या दिवशी जनावरं घेऊन सड्याच्या पहिल्या टप्प्यावर जायचं. तालुक्याहून जनावरांचे डॉक्टर येतात, खूर बघतात, दात बघतात, पोरांना प्रश्न विचारतात. घरची माणसं वर जात नाहीत. त्यांनी पाठमोऱ्यांच्या ओळीत, दगडांच्या मधे मधे, डोंगराकडे पाठ करून बसायचं. पोर मागून ओरडून काय सांगेल ते ऐकायचं आणि न वळता ओ द्यायची.

एके वर्षी बापमंडळींनी युक्ती काढली होती. मोबाईल समोर धरायचा, आपलाच फोटो काढतोय असं दाखवायचं आणि खांद्यावरून मागचं बघायचं. तेव्हापासून मोबाईल टोपलीत जमा होतात. टोपली ठकूआत्यांच्या मांडीवर असते.

ठकूआत्या माझ्या सासऱ्यांच्या थोरल्या बहीण. पाहुण्यांना पाठमोऱ्यांची गोष्ट सांगायचं काम त्यांच्याकडे कधी आलं ते कुणालाच आठवत नाही. इतक्यांदा सांगितली आहे, की सुरुवातीला त्या एक सुस्कारा टाकतात आणि पाहुण्यांना तोही गोष्टीतलाच वाटतो.

यंदा शेजारच्या तालुक्यातून ढवळे म्हणून एक गृहस्थ बायको आणि मुलीला घेऊन आले होते. बाहेरगावच्या पोरांनाही आता प्रदर्शनात घेतात, आणि त्यांच्या मुलीचं करडू त्यात होतं. पाठ करून बसायचं म्हटल्यावर ढवळे उभेच राहिले.

"एवढ्या लांबनं आलो ते पाठ दाखवायला व्हय, मावशी? पोरगी पहाटेपासनं रडतीय. बोलायचं इसरली तर खुणवायला कुणी नको का?"

"म्हणूनच पाठ," ठकूआत्या म्हणाल्या. "गावोगावी बघितलंय आम्ही. आईबाप लांबून ओठ हलवत्यात, अन् पोरं जनावराकडं बघायचं सोडून त्यांच्या तोंडाकडं बघत्यात. मोबाईल टाका ह्यात. गोष्ट सांगते, मग बसायचं का उठायचं ते तुमचं तुम्ही ठरवा."

ढवळे बसले नाहीत. पण सुस्कारा टाकून झाला होता, तेव्हा गोष्ट आता थांबणार नव्हती.

फार मागे, असं सांगतात, मोरवण्यात घरटी भरलेली दावण होती. मोठी गुरं गावाजवळच्या माळावर चरत आणि दूध तुटलेली वासरं सड्यावर, कारण सड्याचं गवत मऊ. वासरं राखायला पोरं जात. पाऊस ओसरला की ती वर कपारीतच मुक्कामाला राहत. जनावराचं काम शिकायची गावाची शाळा म्हणजे हीच. आजारी वासरू ओळखायचं कसं, हट्टी वासरू वळवायचं कसं, ते तिथे पोरंच पोरांना शिकवत.

त्या वर्षी कुणीतरी बाजारातून एक देखणा बैल आणला आणि त्याच्या मागोमाग गावात बुळकांडी आली. हा गुरांचा जीवघेणा रोग. ताप भरायचा, तोंड फोडांनी भरायचं, पोट झडायचं आणि जनावर बसलं की पुन्हा उठायचं नाही. (डॉक्टर सांगतात, बुळकांडी आता देशातूनच गेली. ठकूआत्या म्हणतात, गेली ते बरं झालं, पण गोष्ट कशी जाईल?) गोठ्यामागून गोठे ओस पडू लागले. गावात म्हादबा नावाचा जाणता माणूस होता. त्याने पायथ्याशी उभं राहून वर हाक दिली:

"पोरांनू, खाली येऊ नका. वासरं आणू नका. आमी वर येत न्हाई."

हा रोग माणसाला होत नाही, पण माणसाच्या हाताला आणि लुगड्याला चिकटून जनावरापर्यंत पोचतो, असं म्हादबाचं म्हणणं. आणि गावात असा एक हात उरला नव्हता, ज्याने आजारी गुराला पाणी पाजलं नव्हतं किंवा मेलेलं ओढून नेलं नव्हतं. वर होती ती वासरं जगली तर पुढे नांगराला बैल मिळणार, घरात दूध येणार. नाहीतर गाव उठणार.

वरच्या पोरांत तानी होती. राही नावाच्या बाईची एकुलती एक लेक. तिच्यापेक्षा मोठी पोरं होती म्हणे, पण वासरं तिच्याच हाकेला वळायची, म्हणून हळूहळू पोरंही वळली.

भाकऱ्या पोचवायच्या होत्या. म्हादबाने एक मोठा दगड ठरवून दिला. बायांनी कडुनिंबाच्या धुरावरून फिरवलेल्या भाकऱ्या तिथे ठेवायच्या, मागे यायचं, मग पोरांनी उतरून त्या न्यायच्या. पहिल्याच दिवशी एक धाकटं पोर भाकरी सोडून आईकडे धावत सुटलं. आईने हात पसरले. म्हादबाने मधे काठी घातली. पोर काठीला धरून उभं राहिलं आणि असं रडलं, की सड्यावरची वासरंही हंबरली. त्या दिवशी बऱ्याच भाकऱ्या दगडावरच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी राही आली, भाकरी ठेवली, मागे आली आणि डोंगराकडे पाठ करून खाली बसली.

"तोंड दिसलं की त्यांचं पाय ठरत न्हाईत," ती बाकीच्यांना म्हणाली. "आन् आपलंबी."

एकेक करून सगळ्या तशाच बसल्या. तेव्हापासून रोज तसंच. मागे पावलं वाजायची, भाकऱ्या उचलल्या जायच्या आणि मग पोरं आपापल्या वासराची खबर ओरडून सांगायची. बांड्यानं चारा खाल्ला. मोरीच्या खुरातला काटा काढला. आया समोर ओस गावाकडे बघत "बरं झालं गं", "शाना माझा" म्हणायच्या. सगळ्यांत शेवटी तानीचा आवाज यायचा.

"आई, समदी हायती."

म्हणजे वासरं सगळी आहेत. राही म्हणायची, "बरं हाय." की मग बाया उठायच्या.

असे दिवस गेले. खाली माणसंच औताला जुंपून घेत होती. बाया दिवसभर राबून, रिकाम्या गोठ्यांतून राख फिरवून संध्याकाळी त्या ओळीत यायच्या आणि बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागायचा. आधी आधी त्या रडायच्या, पण रडायलाही अंगात काही लागतं. पुढे पुढे, असं सांगतात, ती ओळ हीच त्यांची दिवसातली टेकायची जागा झाली.

मग थंडी पडली. एका संध्याकाळी पोरांनी आपापली खबर दिली आणि शेवटी काहीच आलं नाही.

राही थांबली. मग तिने न वळता विचारलं, "तानी कुठं हाय?"

मग सगुणा नावाची पोर म्हणाली, "झोपलीया, काकी. ताप हाय."

इथे ढवळ्यांना राहवलं नाही. "अहो, मग पोरीला खाली आणायचं की! वासरं राहू द्या वर."

"तेच म्हणाले की समदी," ठकूआत्या म्हणाल्या. "पर तापानं फणफणलेली पोर त्या पायवाटंनं उतरवणार कोण? लेकरंच ती. आन् तानी येत नव्हती. मी गेले की वासरं इस्कटतील, म्हणायची. गावात शिरतील."

मग राहीनेच वर जायचं उरलं. शेजारणी म्हणाल्या, "राही, वळ. तुझं एकच लेकरू हाय." काठी धरून उभा असलेला म्हादबा काठी खाली टाकून म्हणाला, "जा बाई. मी आडवा येत न्हाई." सगळ्या गावाने तिला मोकळं केलं. राहीने आपले हात पाहिले, असं सांगतात. तिच्या गोठ्यातली शेवटची गाय त्याच सकाळी गेली होती, तिच्याच मांडीवर मान टाकून.

राही उठली नाही.

"झोपू द्या," ती म्हणाली. "दमली आसंल."

दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा विचारलं. पुन्हा सगुणा म्हणाली, "झोपलीया, काकी." राही पुन्हा म्हणाली, "झोपू द्या." त्यानंतर रोज तेच. सगुणाचा आवाज दिवसेंदिवस बारीक होत गेला. बाकीच्या बाया पदर तोंडात कोंबून बसायच्या. राहीला कळलं होतं का, असं पाहुणे नेहमी विचारतात. ढवळेबाईंनीही विचारलं.

"आईला न कळाया काय झालं," ठकूआत्या म्हणाल्या. "पर रोज इचारायची. इचारायचं सोडलं आसतं तर सगुणाला खरं सांगावं लागलं आसतं."

शेवटी गावातलं शेवटचं जनावर जाऊनही बरेच दिवस लोटले. म्हादबाने जुन्या दावणी जाळल्या, गोठे खरवडले आणि एका सकाळी वर हाक दिली: या आता. वासरं उतरू लागली. घरोघरची, हाडं निघालेली, पण चारी पायांवर चालणारी, एकही कमी नाही. बाया किंचाळतच वळल्या, धावल्या, पोरांना आणि वासरांना एकाच मिठीत घेतलं. तेवढा आनंद त्या गावाने पुन्हा कधी पाहिला नाही म्हणे.

राही वळली नाही.

तिच्यासमोर जायला कुणी धजेना. म्हादबा नाही, सगुणा तर नाहीच. मग तानीची एक भोरी कालवड होती, ती कळपातून एकटी निघाली, इकडेतिकडे हुंगत ओळीपर्यंत आली आणि राहीच्या मागे, तिच्या पाठीला अंग टेकून बसली. पाठीला ऊब लागली तशी राही थोडी सरळ झाली.

"उठलीस?" ती म्हणाली.

राही तशीच बसून राहिली आणि कालवडही. थोड्या वेळाने धावत गेलेल्या बायांपैकी एक परत आली आणि तिच्या शेजारी बसली. मग दुसरी. मग सगळ्या. त्यांचेच हे दगड झाले, असं सांगतात. ओळीतल्या मधल्या दगडाला मागून एक बुटका दगड टेकलेला आहे, तो आम्हाला आत्यांनी हात मागे नेऊन, न वळता दाखवला.

ढवळेबाई डोळे पुसत होत्या. पुसता पुसता त्यांना प्रश्न पडला. "पण सगळ्याच दगड झाल्या, तर मग पोरांना जेवायला कुणी घातलं?"

"त्यांनीच," ठकूआत्या म्हणाल्या. "दगड झाली म्हणून सैपाक चुकलाय व्हय कुठल्या बाईला?"

ओळीतल्या सगळ्या बायका हसल्या. हसताना कुणी मागे वळलं नाही. ढवळे मुकाट्याने बसले आणि त्यांनी मोबाईल टोपलीत टाकला. बऱ्याच वेळाने मागून एक चिरका आवाज आला, "पप्पा! डॉक्टरांनी जंताचं विचारलं, मी सांगितलं!" ढवळ्यांची मान अर्धी वळली. बायकोने त्यांचा दंड धरला. ते समोरच्या गावाकडे बघत म्हणाले, "ऐकलं गं. ऐकलं."

आजही मोरवण्यात प्रदर्शन संपलं की पोरं जनावरं घेऊन खाली येतात आणि ज्याच्या त्याच्या माणसांच्या मागे उभी राहतात. जनावराचं तोंड पाठीला लागल्याशिवाय कुणी वळत नाही. माझी नणंद ईश्वरी तिची कालवड घेऊन आली. कालवडीने सासूबाईंच्या नव्या पोलक्यावर ओलं नाक घासलं, तेव्हा त्या वळल्या आणि दोघींना बघत राहिल्या. मग बक्षिसांची गडबड सुरू झाली आणि सगळे तिकडे निघाले.

घरी डॉक्टरांचं आणि ढवळ्यांचं जेवण होतं. वाटण व्हायचं होतं, पीठ मळायचं होतं. मी गुडघ्यांवर हात ठेवून उठायला लागले, तर सासूबाईंनी माझा पदर ओढला. त्या पुन्हा गावाकडे तोंड करून बसल्या होत्या. पलीकडे ठकूआत्या मांडीवरची रिकामी टोपली धरून डोळे मिटून बसल्या होत्या.

"बस," सासूबाई म्हणाल्या.

"आई, पाहुणे..."

"येतील त्यांच्या पायांनी. बस जरा."

मी बसले. समोरून सासरे आले, आमच्याकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि आल्या वाटेने परत गेले. राहीला त्या दिवशी जे कुणी म्हणू शकलं नाही, ते मोरवण्यात आजही कुणी म्हणत नाही. पाठमोऱ्यांच्या ओळीत बसलेल्या बाईला ऊठ म्हणायचं नाही. ती उठेल तेव्हा उठेल.