कुंपणापलीकडचा पेला

एकदा एका डोंगराळ गावात एक वृद्ध विदुषी राहत होती. गाव रोमानियातले, आणि तिचे नाव वेतुरिया. तिने रोमानियन भाषेत तत्त्वज्ञानाचे ग्रंथ लिहिले होते. तिच्या कविता शाळेतल्या मुलांना तोंडपाठ होत्या. पुढे तिने लिहिले, की एकाच रक्ताचा आणि एकाच बोलीचा देश मागणारी माणसे शेवटी देशालाच लहान करतात. त्यानंतर गावच्या ग्रंथालयातून तिची पुस्तके नाहीशी झाली. ती समोरून येताना दिसली की लोक रस्त्याची दुसरी बाजू धरू लागले. शिकायला येणाऱ्यांपैकी सेव्हेर नावाचा एकच तरुण उरला.

सेव्हेरची आई सावेता त्या हिवाळ्यात वारली होती. तिचा एप्रन अजून स्वयंपाकघरातल्या खुंटीवर होता. सेव्हेर जाता-येता त्याला हात लावी, मग बोटे नाकाशी नेई. पिठाचा वास आता येत नसे. तरी तो थोडा वेळ तिथेच उभा राही.

घरातली शांतता सोसवेना म्हणून तो गावातल्या राष्ट्रवादी दलात गेला. तिथे संध्याकाळी सगळे खांद्याला खांदा लावून पूर्वजांची गाणी म्हणत. दलाचा नायक त्याला जवळ घेऊन म्हणे, "आई गेली तरी मातृभूमी आहे ना रे तुला!" तेवढ्यापुरते त्याला बरे वाटे. दलाची एक शपथ होती: परक्या रक्ताच्या माणसाला काही द्यायचे नाही, त्याच्याकडून काही घ्यायचे नाही. सेव्हेरनेही ती घेतली. काही दिवसांपूर्वी दलाने त्याच्याच शेजारच्या पिरोश्का मावशीच्या फाटकावर काळ्या रंगाने ‘चालती हो’ असे लिहिले, कारण ती हंगेरियन होती. रंगाचा डबा सेव्हेरच्या हातात होता.

त्या गावची एक रीत होती. उन्हाळ्यातल्या पितरांच्या शनिवारी प्रत्येक घर मातीचा नवा पेला पाण्याने भरी, त्यावर चेरीची डहाळी ठेवी आणि मृताच्या नावाने कुंपणापलीकडच्या घरी देई. घेणाऱ्याने ‘देव त्याला क्षमा करो’ म्हणून घोट घेतला, की पाणी मृताला पोचते अशी श्रद्धा होती. घरच्या माणसाला तो पेला घेता येत नसे. कोणाचा पेला कोणाकडे जायचा, हेही पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले. सेव्हेरच्या घराचा पेला पिरोश्का मावशीकडे जाई.

आईच्या नावाने द्यायचा तो पहिलाच पेला. सेव्हेर तो भरून निघाला, शेजारचे फाटक ओलांडून थेट गावाच्या टोकाला गेला आणि वेतुरियाबाईंच्या अंगणात उभा राहिला. बाई वाटाणे सोलत बसल्या होत्या.

"बाई, आईचा पेला आणलाय. तुम्ही घ्या."

बाईंनी पेल्याकडे पाहिले. मग त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

"मला नाही घेता येणार."

"का?"

"माझी आजी हंगेरियन होती. तुझी शपथ मोडेल."

"तुम्ही? तुमच्या कविता वाचून तर आम्ही आमची भाषा शिकलो!"

"मला कुणी आजीबद्दल विचारलंच नाही. नुसत्या कविता पाठ केल्या."

"तुमचं वेगळं आहे, बाई. तुम्ही आमच्यातल्याच."

"अशी सूट आणखी किती जणांना देणार आहेस? दलाला विचारून सांग." त्या किंचित हसल्या. पण हात पुढे आले नाहीत.

सेव्हेरने पेला आणखी पुढे केला. "चेष्टा करू नका. कुणी घेतला नाही तर ती तहानलेली राहील."

तेव्हा बाईंनी त्याला शेजारी बसवले आणि हळू आवाजात सांगितले, "तुम्ही पूर्वजांची गाणी म्हणता, त्याला माझी हरकत नाही. पण त्या पूर्वजांनी ही रीत कशी घालून दिली, ते बघ. आईच्या पाण्याला मुलाचा हात चालत नाही. त्यांना कळलं होतं की आपल्या मेलेल्या माणसांचीसुद्धा तहान आपल्या एकट्यानं भागत नाही. ती भागायला कुंपणापलीकडचा हात लागतो. तो हातच तुम्ही गावाबाहेर घालवायला निघालात. मग पाणी द्याल कुणाला?"

वाटाण्याची एक शेंग सोलून त्या पुन्हा बोलल्या. त्या शिकवीत आहेत असे आता वाटत नव्हते. "आजी मला तिच्या भाषेत झोपवायची. मोठी झाल्यावर मला ती भाषा बोलायची लाज वाटली. मी विसरले. आता ती स्वप्नात येते, काहीतरी सांगते, आणि मला एक शब्द कळत नाही."

सेव्हेर उठला. गावातून परत येताना चौकात नायकाने हाक मारली, "काय रे, म्हातारीनं पाणीसुद्धा घेतलं नाही?" बाकीचे हसले. सेव्हेर थांबला नाही.

पिरोश्का मावशी फाटकाशी वाकून रॉकेलच्या चिंधीने रंग घासत होती. तिच्यामागे पायरीवर बांधलेली बोचकी होती. तिने त्याला पाहिले.

"आता काय राहिलं लिहायचं? आतली बाजू कोरी आहे, ये."

त्याने दोन्ही हातांनी पेला पुढे धरला.

मावशीने चिंधी टाकली. हात साबणाने धुतले, पुन्हा धुतले, आणि कमरेला बांधलेल्या रुमालाला पुसले. तिने पेला घेतला. ओठांशी नेला, पण घोट घेतला नाही. पेल्याला बाहेरून गाल लावून तिने मान हलवली.

"किती फिरवलास हा उन्हातून? कोमट झालंय. सावेताला हे चालायचं नाही. पार दात शिवशिवतील असं गार लागायचं तिला. चल, विहिरीचं काढ."

सेव्हेरने पोहरा आत सोडला. दोर हातांतून सरकत असताना त्याचे डोळे भरून आले. आईला इतके गार पाणी आवडायचे, हे त्याला कधीच माहीत नव्हते.