थोरल्या भावाचा रुसवा

एका बाजारगावात एकदा एक वृद्ध लेखनिक राहत होता. ज्यांना लिहिता येत नसे, त्यांची पत्रे तो लिहून देई. त्याची एक विचित्र रीत होती. रागाचे पत्र असले की तो आधी गिऱ्हाइकाच्याच हाती चाकू देऊन लिहिण्याचा बोरू तासायला लावी. ‘फुकटात काम उरकून घेतात,’ असे त्याच्या शिष्याला वाटे. या शिष्याला संशय घ्यायला फारसे निमित्त लागत नसे.

एके दिवशी एक कापडाचा व्यापारी तणतणत आला. धाकट्या भावाने आपल्या मुलीच्या लग्नाची अक्षत स्वतः न आणता गड्याच्या हाती धाडली होती.

“लिहा,” तो म्हणाला, “मला तुझा संताप आला आहे. आजपासून तू मला मेलास!”

वृद्धाने त्याला बोरू तासायला बसवले, चार गोष्टी बोलला आणि पत्र लिहून घडी घालून दिले. शिष्याने मात्र ओळ वाचली होती : ‘मी तुझ्यावर रुसलो आहे.’ त्याच्या मनात पाल चुकचुकली. कालच त्या धाकट्या भावाकडून गुळाची ढेप आली होती! गुरुजी फितले, असे त्याने ठरवूनच टाकले आणि व्यापाऱ्याला पायरीवरच गाठून सारे सांगितले.

व्यापारी लालबुंद होऊन परतला. “माझा शब्द का बदललात?”

“न विचारता बदलला, हा माझा अपराध,” वृद्ध म्हणाला. “पण शेटजी, बोरू तासताना तुम्ही दोनदा विचारलंत, पोरीला शालू कुठल्या रंगाचा घेतला असेल म्हणून. संतापलेला माणूस शालूचा रंग विचारत नाही. संताप कुणाचाही येतो. रुसवा मात्र आपल्याच माणसावर धरतात, त्याने येऊन समजूत काढावी म्हणून. तुमचा शब्द वाचून तो आलाच नसता. गूळ निमंत्रणं लिहिल्याबद्दल मिळाला. सांगाल तर अजूनही ‘संताप’ लिहितो.”

व्यापाऱ्याने पत्र पुन्हा वृद्धापुढे सरकवले. मग म्हणाला, “राहू द्या. खाली एवढं घाला, शालू माझ्या दुकानातला नसेल, तर मी मांडवात पाय ठेवणार नाही.”

तो गेल्यावर शिष्य मान खाली घालून उभा राहिला. “गुरुजी, मला तुमचा राग आला होता.”

“राग नव्हे, चीड. ती अन्यायाची येते. दुसऱ्यासाठी धावलास, ते बरंच केलंस. फक्त आधी मला विचारायचं होतंस.”

शिष्याने चाकू घेतला आणि तो बोरू तासायला बसला.