कवडाबाईची माती

भाविकहो, त्या साली रुखडोजी महाराजांचा मुक्काम कोसमबोडीला होता. गाव झाडीपट्टीतलं, धानाचं. गावाच्या वरच्या अंगाला गावचे जमीनदार, मालगुजार हिरामण पाटील, यांचा तलाव आणि तलावाच्या मातीच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागूनच, खालच्या बाजूला, धीवरांचा टोला, मासे धरणाऱ्यांची वस्ती. महाराज ना देवळात उतरत, ना पाटलांच्या वाड्यावर. टोल्यातल्या आंब्याखाली गोणपाट अंथरून बसत आणि कुणी देईल ती आंबील गोड मानून घेत.

टोल्यात कवडाबाई नावाची एक विधवा राहायची. मुलगा कामासाठी परगावी गेलेला, घरात सून, तीही पोटुशी. एके दिवशी कवडाबाईने महाराजांचे पाय धरले आणि म्हणाली, "महाराज, मले मंतर द्या जी. लिवता-वाचता येत नाई, पण पाठ करीन."

महाराजांनी पाळीकडे नुसती नजर टाकली. "मंतर नाई देत. रोज टोपलंभर माती पाळीवर नेऊन टाक. टाकताना देवाचं नाव घे. झालं."

आता एखाद्याला वाटलं असतं, महाराजांनी थट्टा केली. कवडाबाईला तसं वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच तिने टोपलं डोक्यावर घेतलं, 'विठ्ठल विठ्ठल' म्हणत पाळ चढली आणि पावसाने धुपलेल्या जागी माती ओतली. पाटलांनी ते पाहिलं.

या हिरामण पाटलांबद्दल थोडं सांगायला हवं. माणूस वाईट नव्हता, पण ताठा भारी. तलाव आजोबांनी बांधलेला. नातवाने त्याच्यावर अभिमानापलीकडे काही खर्च केलं नव्हतं. मिशांची निगा रोज, पाळीची कधीच नाही. पाळीत उंदरांनी घरं केली, खेकड्यांनी बिळं पाडली, तरी पाटलांना पत्ता नव्हता. शेजारगावच्या मालगुजाराचा तलाव आपल्याहून मोठा दिसतो, हे मात्र त्यांना डाचायचं. म्हणून त्यांनी काय करावं? पाळीच्या एका टोकाला सांडवा होता. तलाव भरला की जास्तीचं पाणी आपसूक निघून जावं म्हणून आजोबांनी ठेवलेली ती वाट. पाटलांनी ती दगड आणि चिखल रचून उंच केली, आणि मासळी वाहून जाऊ नये म्हणून वर बांबूच्या ताट्या ठोकल्या. तलाव फुगला, पाटीलही फुगले.

"ए बाई," पाटील त्या दिवशी पाळीवरून म्हणाले, "माह्या आज्याच्या पाळीले तुह्या टोपल्याचा टेकू पायजे का? खाली उतर. पुन्हा पाय ठेवायचा नाई इथं."

सोबतची माणसं हसली. कवडाबाई रिकामं टोपलं घेऊन उतरली आणि महाराजांसमोर बसून रडली. रडायचं कारण अपमान नव्हतं. गुरूने दिलेली सेवा तुटली, याचं तिला वाईट वाटत होतं.

"मग आपल्या अंगणात टाक," महाराज म्हणाले. "माती कुठं पळून जाते?"

तिने तसंच केलं. अंगणाच्या कडेला, पाळीच्या पायथ्याशी, रोज एक टोपलं. टोल्यातली माणसंही मग चेष्टा करू लागली. कुणी विचारायचं, काकी, डोंगर कवा होते? तीही हसायची आणि टोपलं रितं करायची. श्रावण सरत आला तेव्हा तिथे गुडघाभर उंचीचा ढीग झाला होता, त्याहून जास्त नाही.

त्या श्रावणात झड लागली ती उघडेचना. तलाव काठोकाठ आला. अशात पोळा उजाडला. दुपारी घटकाभर पाऊस थांबला, तसे झूल पांघरलेले, शिंगं रंगवलेले बैल पाटलांच्या दारापुढे तोरणाखाली उभे राहिले. पोळ्याच्या गाण्यांना, झडत्यांना, रंग चढला.

इकडे कवडाबाईची सून सकाळपासून कळा देत होती. सुईण आत होती. गरम पाणी ठेवायला म्हणून कवडाबाई अंगणात गेली आणि जागीच थबकली. पाळीतून थोडं पाणी पाझरायचंच, त्याचं कुणाला नवल नव्हतं. पण आज पायथ्याशी मनगटाएवढी धार लागली होती, आणि पाणी गढूळ होतं. पाळीची मातीच पाण्यासोबत वाहून चालली होती. पाळ आतून पोखरली जात होती.

ती घरात धावली. सुईण म्हणाली, "आता हिले हलवता येणार नाई. दोघंही जातील."

कवडाबाईने मग मागचापुढचा विचार केला नाही. पदर खोचून ती थेट तोरणाखाली बैलांच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

"पाटील, पाळ फुटून रायली जी. सांडवा मोकळा करा. गाड्या जुंपा, माती आणा. माही सून अडली हाय."

झडत्या बंद पडल्या. भरल्या सणात, सगळ्या गावासमोर, एक बाई मालगुजाराला त्याची पाळ फुटतेय असं सांगत होती. पाटलांचा चेहरा लाल झाला.

"आज पोळा हाय. आज कोणी बैलाच्या मानेवर जू ठेवते का? अन् सांडवा मोकळा करून पाणी घालवू? पाळ माही हाय. फुटली त माही फुटेल."

मागून आवाज आला, "पाळ तुमची, खरं हाय. फुटल्यावर पाणी कोणाचं, पाटील?"

महाराज कधी येऊन उभे राहिले ते कुणालाच कळलं नव्हतं.  गर्दीसमोर माघार घेणं पाटलांच्या स्वभावात नव्हतं. ते म्हणाले, "एवढी काळजी हाय त तुमच्या या चेलीच्या टोपल्यांनी थांबवा पाणी. इतके दिवस माती जमवून रायली ना?"

"बरं," महाराज शांतपणे म्हणाले. "तिच्याच मातीनं थांबवू. बैलाले आज सुट्टी हाय. माणसाले कोणी देली?"

एवढं बोलून महाराज वळले आणि चालू लागले. टोल्यातल्या लोकांना त्यांनी वाटेतच सांगितलं, म्हातारी-कोतारी, लेकरं, शेळ्या, सगळ्यांना आधी उंचावर न्या. मग धोतर खोचलं, ढिगातलं पहिलं टोपलं स्वतः भरलं, डोक्यावर घेतलं आणि धारेच्या तोंडावर ओतलं. दुसरं कवडाबाईने ओतलं. टोल्यातले बापे आले, बाया आल्या. घमेली, सुपं, जुनी पाटी, हाती लागेल ते घेऊन माणसं रांगेला लागली. पाऊस पुन्हा कोसळू लागला. धार माती खात होती, माणसं टाकत होती.  आतून सुनेचं कण्हणं ऐकू आलं की कवडाबाईचं टोपलं जरा अधिक भरायचं. तिने ठरवून टाकलं होतं: आत पोरगी दम सोडत नाही, तोवर बाहेर आपणही सोडायचा नाही.

पाटील गंमत पाहायला म्हणून पाळीवर येऊन उभे राहिले. ढीग तो केवढा, आता संपेल, मग बाईचा नि बुवाचा चेहरा पाहू, असं त्यांच्या मनात होतं. ते पाहत राहिले. टोपल्यामागून टोपलं भरलं जात होतं. पायथ्याशी मातीचा नवा बांध कमरेएवढा झाला, छातीएवढा झाला, धार बोटाएवढी उरली. आणि ढीग? ढीग गुडघाभरच होता. भरणाऱ्याचं फावडं आत जाई, माती निघे, आणि ढीग जसाच्या तसा. पाटलांनी डोळे पुसले, पुन्हा पाहिलं. भाविकहो, रोज नाव घेऊन टाकलेली माती होती ती. ती कशी सरावी?

पाटलांचे गडी एकेक करून पाळ उतरले आणि रांगेत जाऊन उभे राहिले. पाटील एकटे उरले. तेवढ्यात त्यांच्या पायाखालची पाळ वीतभर खचली. तलावाचं पाणी त्यांच्या जोड्याला लागलं.

खालून महाराजांनी मान वर केली. "खालचं आम्ही पाहतो, पाटील. वरचं तुमच्याच हातचं हाय. ज्यानं कोंडलं त्यानंच सोडलं पायजे."

पाटील पळाले. आयुष्यात पहिल्यांदा लोकांनी त्यांना पळताना पाहिलं. सणाच्या कोऱ्या धोतरानिशी ते सांडव्यात उतरले, ताट्या हातांनी उपसून फेकल्या, दगड ओढून काढले. हातांची सालं निघाली. पाणी मोकळं झालं तसं ते घोंघावत ओढ्याच्या वाटेला लागलं, आणि पाटलांनी जिवापाड राखलेली मासळी त्यांच्या पायांमधून निघून गेली. त्यांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

हळूहळू तलाव उतरला. धार थांबली. पाळ उभी राहिली.

पाटील चिखलाने माखून खाली आले आणि महाराजांच्या पायांवर कोसळले. "महाराज, चुकलो. माह्या ताठ्यापायी टोला बुडला असता."

महाराजांनी पाय मागे घेतले. "माही काय माती होती? जिची होती, तिच्या पाया पडा."

 मालगुजाराने धीवराच्या बाईपुढे वाकायचं, असं त्या गावात कधी घडलं नव्हतं. पाटील उठले. कवडाबाई रितं टोपलं घेऊन उभी होती. तिच्यासमोर त्यांनी गुडघे टेकले, पागोटं उतरवून बाजूला ठेवलं आणि कपाळ चिखलाला लावलं.

नेमकं त्याच वेळी घरातून तान्ह्याचं रडणं आलं. कवडाबाईच्या हातून टोपलं पडलं. पाटील, पाळ, गाव, साऱ्यांना विसरून ती घरात धावली.

पाटलांना तिची पावलं गेलेली ऐकू आली होती. गड्याने हळूच सांगितलं, "मालक, उठा. ते बाई गेली." पाटील हलले नाहीत. पाठीवर पाऊस पडत होता. सगळा गाव पाहत होता. कुणी हसलं नाही.

बऱ्याच वेळाने कवडाबाई दारात आली. हातात फडक्यात गुंडाळलेलं बाळ होतं. अंगणात अजून तसेच वाकलेले पाटील पाहून ती कावरीबावरी झाली. मग जवळ गेली आणि म्हणाली,

"उठा जी पाटील. नात झाली."

तेव्हा कुठे पाटलांनी डोकं वर केलं.