न मारलेला वाघ

मडाव्यांच्या गावात वाघानं गाय नेली तरी कुणी काठी उचलत नसे. वाघोबाचा वाटा म्हणून हात जोडत. म्हाताऱ्यांनी हे मोठ्या अभिमानानं वनसाहेबाला सांगितलं. साहेब खूश झाला.

"म्हणूनच इथं वाघ उरलेत. आता अभयारण्य होईल, तुम्ही गाव सोडा."

म्हाताऱ्यांनी सवयीनं माना डोलावल्या. यांनी स्वतःच्या सरणाचीही लाकडं वाहून आणली असती. त्यांच्यातल्याच एकाची नात सुमरी, तिला राहवेना.

"साहेब, तुमच्या गावचे वाघ कुठं गेले?"

"आजोबांनी मारले. मोठे शिकारी होते."

"अन् त्यांचं घर?"

"आहे की. तिथंच राहतो आम्ही."

"मग आमच्या आज्यानंही मारायला पाहिजे होते. गाव तरी राहिलं असतं."

म्हातारे तिच्यावरच खेकसले. साहेबानं मागं बोट दाखवलं. गाव हलवायला ट्रक येऊन उभे होते.