वैद्यबाबांनी घेतलेली दारू

दारूबंदीच्या काळात डोंगरापलीकडच्या एका गावी एक वृद्ध वैद्य राहत असत. मद्याच्या थेंबालाही त्यांनी कधी स्पर्श केला नव्हता. त्यांचा शिष्य दारूबंदीचा कट्टर पुरस्कर्ता होता. पिणारा सापडला की तो त्याला चारचौघांत उभा करी आणि मान खाली घालून शपथ घ्यायला लावी. त्याच्या धाकाने ओढ्याकाठची हातभट्टी रानात आणखी आत सरकली, एवढेच.

एके सकाळी गावात दोन माणसे मेलेली आढळली. भट्टीच्या दारूत कुणीतरी विषारी स्पिरिट मिसळले होते. वैद्य दारोदार फिरले.

"कोण कोण प्यायलंय ते सांगा. तालुक्याच्या दवाखान्यात वेळेवर पोचलात तर वाचाल."

"आमच्यात कुणी पीत नाही, बाबा," घरोघरी हेच उत्तर मिळे. आतून मात्र ओकाऱ्यांचा आवाज येई.

अखेर वैद्य एक ट्रक मागवून चावडीसमोर उभे राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "काल मीही तीच दारू घेतली. मला अंधुक दिसतंय. मी दवाखान्यात निघालोय. ज्याला यायचं त्यानं माझ्याबरोबर ट्रकमध्ये बसावं."

शिष्य सुन्न झाला. हळूहळू दारे उघडली. तोंडे झाकून, भिंती चाचपडत माणसे बाहेर आली.

दवाखान्यात बरेच जण वाचले, काहींची दृष्टी गेली. वैद्यांनी पोलिसांसमोरही आपला शब्द फिरवला नाही. त्यांना अटक झाली, तेव्हा शिष्याने दुखावून विचारले, "बाबा, आपण खोटं का बोललात? आयुष्यभराचं नाव गेलं."

वैद्य म्हणाले, "दारू वाईटच आहे, बाळ. पण पिणाऱ्याला आपण इतकं लाजवलं, की त्याला मरण सोपं वाटू लागलं आणि कबुली अवघड. मी नुसता बरं करणारा म्हणून उभा राहिलो असतो, तर एकही बाहेर आला नसता."

शिष्याला ते पटले नाही. तो तसाच घरी परतला. गोठ्यात त्याचा थोरला भाऊ तुळाजी निपचित पडला होता. अंग थंड झाले होते. वहिनी उशाशी बसली होती.

"वहिनी, दादा ट्रकमध्ये का नाही बसला?"

तिने वर पाहिले नाही. "निघाले होते. मग म्हणाले, साऱ्या गावाला कळलं तरी चालेल, पण धाकट्याला कळायला नको."

शिष्य भावाच्या पायाशी बसला. त्या दिवसानंतर त्याने कुणालाही शपथ घ्यायला लावली नाही.